पॉइंट सात

रबराचं बाळ टेबलावर थरथरत होतं. त्याच्या पोटात मोटर होती, तिची घरघर खोलीभर ऐकू येत होती. भोवती बारा जण उभे होते. सगळे वेगवेगळ्या हॉस्पिटलांच्या तातडीच्या विभागांतले, आणि त्यांत वयानं सगळ्यात मोठ्या होत्या मॅडम. चोवीस वर्षं त्यांनी अपघात, हार्ट अटॅक, विषबाधा असलं सगळं निस्तरलं होतं. लहान मुलं मात्र त्यांच्याकडे महिन्याला तीन-चारच यायची. म्हणूनच अधीक्षकांनी त्यांना या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं, आणि सोबत त्यांच्याच विभागातल्या सिस्टरांना. "जोडीनं काम करता, जोडीनं शिका," ते म्हणाले होते. मॅडमना ते फारसं रुचलं नव्हतं. त्यातून शिकवणारा डॉक्टर एकेकाळी त्यांच्याच हाताखाली इंटर्न होता.

"बाळ सहा महिन्यांचं, वजन सात किलो," तो म्हणाला. "पाच मिनिटं झाली, झटका थांबत नाही. मॅडम, पुढे?"

मॅडमनी झटका थांबवायच्या इंजेक्शनचं नाव घेतलं. "सात मिलिग्रॅम. शिरेतून."

सिस्टरांनी सिरिंज भरली. त्यांचा हात जरासा अडखळला, मग त्यांनी औषध दिलं. थरथर थांबली. अर्ध्या मिनिटात मॉनिटरवरची श्वासाची रेघही सपाट झाली.

"थांबूया," शिकवणारा म्हणाला. "मॅडम, किती सांगितलंत?"

"पॉइंट सात."

"सात म्हणालात, मॅडम."

मॅडमच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "म्हणायचं पॉइंट सातच होतं."

तो सिस्टरांकडे वळला. "तुम्हाला कळलं होतं?"

सिस्टरांनी रिकामी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, मग उगाच सरळ केली. "कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मॅडमना कोण बोलणार?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. सिस्टर हसत नव्हत्या.

परतीच्या बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. बराच वेळ मॅडम पर्सची चेन उघडत होत्या, लावत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"खरं बाळ असतं तर दिलं असतंत?"

"छे! पॉइंट सात भरलं असतं. गुपचूप."

"असं कधी केलंयत?"

सिस्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "केलंय."

"किती वेळा?"

"तीनदा. चारदा म्हणा. तेरा वर्षांत."

"आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?"

"एकदा अडवलं होतं की. पहिल्याच वर्षी. तुम्ही सगळ्यांदेखत विचारलंत, 'डॉक्टर तुम्ही की मी?' तेव्हा चूक माझीच होती म्हणा. पण त्यानंतर कधी तोंड उघडलं नाही."

मॅडमना ते आठवतही नव्हतं. आठवत नव्हतं, हेच जास्त लागलं.

घरी आल्यावर त्यांचं कशातच मन लागेना. टीव्ही लावला, बंद केला. कपाट आवरायला काढलं आणि तसंच सोडलं.

"अगं, चौथ्यांदा स्वयंपाकघरात आलीस," नवरा भाजी चिरता चिरता म्हणाला. "हवंय तरी काय?"

"काही नाही."

"मग ते काही नाही घे आणि बस जरा."

त्या बसल्या, आणि दोन मिनिटांत पुन्हा उठल्या.

मंगळवारी भर दुपारी एक बाप तीन वर्षांच्या मुलीला उचलून धावत आत आला. मुलीचे डोळे वर गेले होते, हातपाय झटके देत होते. "घरापासून असंच चाललंय," तो ओरडला. "दहा किलोची आहे हो नुसती!" मॅडमनी तिला पलंगावर घेतलं, ऑक्सिजन लावायला सांगितला आणि ट्रॉलीवरची टेप स्वतः तिच्या टाचेपर्यंत ताणली. या टेपवर मुलाच्या उंचीवरून वजनाचा अंदाज येतो. टेप चौदा म्हणत होती.

"एक पॉइंट चार मिलिग्रॅम," मॅडम मोठ्यानं म्हणाल्या.

सिस्टरांनी सिरिंज हातात धरली, भरली नाही. "मॅडम, थांबा. वजन दहा आहे. मग एकच बसतं."

ड्यूटीवरच्या दोघा इंटर्ननी माना वळवल्या. मॅडमच्या जिभेच्या टोकावर ते जुनं वाक्य आलं. त्यांनी ते गिळलं. "टेप बघा."

सिस्टर वाकल्या. "चौदा. एक पॉइंट चार. भरते."

दीड मिनिटात मुलगी सैल पडली, मग घोरल्यासारखा श्वास घेऊ लागली. बापानं सांगितलेलं वजन वर्षापूर्वीचं होतं, हे नंतर कळलं. तिला वॉर्डात हलवल्यावर सिस्टर बेसिनशी हात धूत उभ्या राहिल्या. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"चुकले मी. माझ्यापायी वीस सेकंद गेले."

"पुढच्या वेळीही थांबवा."

"तुमच्या चेहऱ्यावर तसं काही दिसत नव्हतं."

"चेहऱ्याला वेळ लागेल, सिस्टर. तुम्ही बोलत राहा."

सिस्टरांना हसू आलं. मॅडमना नाही आलं. तीन दिवस जे डोक्यात भुणभुणत होतं ते त्यांनी एकदाचं विचारलं. "त्या चार वेळा तुम्ही होतात म्हणून निभावलं. तुम्ही नसाल तेव्हा?"

सिस्टरांनी नळ बंद केला. "धाकट्याच्या वेळी मी सहा महिने रजेवर होते," त्या हळूच म्हणाल्या. "सात वर्षं झाली."

ड्यूटी संपल्यावर मॅडम तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये गेल्या. तिथले काका चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "मॅडम, एवढं जुनं? कोर्टाचं लफडं आहे का काही?"

"नाही. माझंच आहे."

त्या सहा महिन्यांतले लहान मुलांचे एकोणीस केसपेपर निघाले. बुधवारी सात पाहून झाले, गुरुवारी आणखी सहा. सगळं ठीक होतं. एक हिशेब तर इतका नेटका होता की मॅडमना क्षणभर स्वतःचा अभिमान वाटला. शुक्रवारी सोळावा कागद हातात आला. आठ महिन्यांची मुलगी, वजन आठ किलो, झटके. त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, आठ मिलिग्रॅम. समोर बदली नर्सची सही होती, 'दिले'. खाली पुन्हा त्यांचंच अक्षर, श्वास बंद, पन्नास मिनिटं बॅगनं श्वास दिला. कारण लिहिलं होतं, 'फार वेळ चाललेला झटका'. पाचव्या दिवशी मुलगी घरी गेली होती.

मॅडम स्टुलावर बसल्या. त्या बाळाची आई दारात उभी राहून किती वेळ त्यांचे आभार मानत होती, ते त्यांना लख्ख आठवलं.

शनिवारी अधीक्षकांनी कागद वाचला आणि डोक्याला हात लावला. "अहो, मुलगी सुखरूप घरी गेली ना? आता उकरून काढून काय मिळणार?"

"ठाऊक नाही, सर. पण मी लेखी देतेय. आणि तिच्या आईला फोन करतेय."

कागदावरचा नंबर लागेल अशी आशा नव्हती. तिसऱ्या रिंगला उचलला गेला. मॅडमनी हॉस्पिटलचं नाव सांगितलं, साल सांगितलं.

"अय्या, तुम्ही! विसरेन कशी? तुम्हीच तर वाचवलंत आमच्या छोटीला!"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "तिचा श्वास माझ्यामुळे बंद पडला. औषध दहापट गेलं. मी तसं लिहिलं होतं. आत्ता जुने कागद पाहताना कळलं."

पलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"आता तिला काही होणार नाही ना?"

"त्या औषधाचा अंमल त्याच दिवशी उतरतो. पण श्वास थांबला होता, म्हणून मुलांच्या तज्ज्ञांकडून एकदा नीट तपासून घेऊ. मी सोबत असेन."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तेव्हा कळलं नाही. शोधायला हवं होतं, ते मी केलं नाही."

"ह्यांच्याशी बोलते," एवढंच म्हणून बाईंनी फोन ठेवला.

दोन दिवस काही कळलं नाही. मॅडम प्रत्येक रिंगला दचकत होत्या. विभागात औषध मोठ्यानं सांगायचं, सिस्टरनं तेच मोठ्यानं परत म्हणायचं, मगच भरायचं, असा नियम त्यांनी लावला. पण त्यांचा स्वतःचा जीव काही थाऱ्यावर येईना.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते तिघे आले. मुलगी काटकुळी होती, पुढचे दोन दात पडलेली, वजनकाट्यावर आपणहून चढून उतरून पाहणारी. आई खुर्चीच्या कडेवर बसली. वडील हाताची घडी घालून उभेच राहिले.

"तो कागद बघायचाय," ते म्हणाले.

मॅडमनी कागद त्यांच्यापुढे ठेवला, आणि आठचा आकडा होता त्या ओळीवर बोट टेकवलं.