वस्तादांची लाठी आणि माझी दमछाक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. कोल्हापुरात मंगळवार पेठेत संघप्रियाताईंचा व्हिडिओ स्टुडिओ आहे. तिथे मागच्या अंगणाकडे उघडणाऱ्या खिडकीजवळ माझा मुक्काम असतो. आज मी जरा वैतागून बोलणार आहे, तेवढे सांभाळून घ्या.

मी काही कुठल्या मोठ्या कारखान्यात जन्मलो नाही. राजारामपुरीतल्या एका दुकानात सुटे भाग आणून मला जोडले गेले. पहिली काही वर्षे मी लग्नांचे व्हिडिओ जुळवले. पाठवणीला रडणारी करवली, वरातीत नाचून घामाघूम झालेला मामा, अशी खरोखर हललेली माणसे कॅमेऱ्यातून माझ्याकडे यायची. मी फक्त नको तेवढे कापायचो आणि हवे ते जोडायचो. "लई गुणाचं मशीन हाय," असे ताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

मग कृत्रिम बुद्धिमत्तेचे व्हिडिओ आले. एक फोटो द्यायचा, दोन ओळी लिहायच्या, की फोटोतला माणूस हलू लागतो. ताईंनी माझ्यात नवे ग्राफिक्स कार्ड बसवले आणि हेच काम माझ्या गळ्यात पडले. लोकांना ते बटण दाबण्याइतके सोपे वाटते. तसे नाही, मित्रांनो. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक चित्रे. फोटो एकच असतो, बाकीची सगळी चित्रे मला अंदाजाने काढावी लागतात. माणूस थोडासा हलला तर चेहरा टिकतो. जोरात हलला की अंदाज चुकतो आणि हाताला हात राहत नाही.

अशात एक दिवस क्रांती आली. ती शाळेत खेळ शिकवते. तिचे वडील आकाराम वस्ताद यांनी आयुष्यभर तालमीत पोरापोरींना मर्दानी खेळ शिकवले. त्यांची लाठी सगळ्या पेठेत नावाजलेली. पण त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. तालमीने त्यांचा सत्कार ठरवला होता. त्यांचा लाठी फिरवतानाचा व्हिडिओ मात्र कुणाकडेच नव्हता. होता तो फक्त ते लाठी घेऊन उभे असतानाचा एक फोटो.

"ताई, आबांना त्यांची लाठी फिरताना दावायची हाय," क्रांती म्हणाली. "झटका आल्यापासनं भिंतीकडं तोंड करून पडत्यात. कुणाशी बोलत न्हाईत. सत्काराला यायचं न्हाय म्हणत्यात. ह्ये बघून तरी उठतील."

"करू की," ताई म्हणाल्या.

झाले. माझा छळ सुरू झाला. हालचाल कमी ठेवली, तर वस्ताद झोपेत असल्यासारखे लाठी हलवत. वाढवली, तर लाठी सापासारखी वाकायची, मधूनच दोन व्हायची, मानेतून आरपार जायची. मिशा जायच्या, परत यायच्या. ताई लिहायच्या, 'वेग वाढव, पण चेहरा तोच ठेव.' मी एक सांभाळायला गेलो की दुसरे सुटायचे. पंखे घरघरून माझा जीव मेटाकुटीला आला, आणि वर ताईंचेच ऐकायचे, "ह्याला कळतच न्हाय काय."

शेवटी ताईंनी त्यातल्या त्यात बरे दोन व्हिडिओ निवडले आणि क्रांती वस्तादांना रिक्षातून घेऊन आली. ताईंनी संथ व्हिडिओ लावला.

"मी काय पाण्यात बुडालोय व्हय?" वस्ताद अडखळत म्हणाले.

मग वेगाचा लावला. त्यांनी पडद्याकडे बोट केले. "ह्ये पावणं कोण?"

"आबा, तुम्हीच हाय की."

"मी न्हाय." त्यांनी मान फिरवली. क्रांतीने ओढणीने डोळे पुसले. माझे सगळे कष्ट त्या दोन शब्दांत मातीत गेले.

ताई मात्र हट्टी. त्या म्हणाल्या, "क्रांती, तुलाही लाठी येते न्हवं? तू फिरव, मी कॅमेऱ्यात घेते. हालचाल तुझी, रूप आबांचं." क्रांतीने अंगणात लाठी फिरवली आणि ते चित्रण माझ्याकडे आले. आता वेगाचा अंदाज बांधायचा नव्हता. तो खऱ्या अंगातून आला होता. लाठी सरळ राहिली, चेहरा टिकला, मिशाही जागच्या जागी. मला वाटले, आता तरी शाबासकी मिळेल.

वस्ताद पुन्हा आले. त्यांनी व्हिडिओ पाहिला. परत लावायला सांगितला. पुढे झुकून पाहू लागले.

"कोपर," ते म्हणाले.

"काय, आबा?"

"कोपर भाईर जातंय. ह्यो माझा हात न्हाय. तुझा हाय."

क्रांतीने आपल्या कोपराकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "तुम्ही पडल्यापासनं मी लाठीला हातच लावला न्हवता."

"दिसतंय की. चल भाईर."

खिडकीतून मला सगळे दिसत होते. खुर्चीत बसून वस्तादांनी डाव्या हाताने लेकीचे कोपर धरले आणि तिच्या अंगाशी दाबले. "खांद्यानं न्हाय. मनगटानं. आता फिरव." ती फिरवू लागली. ते ओरडू लागले, चुका काढू लागले. इतके दिवस न बोललेला माणूस ऊन कलेपर्यंत बोलत होता.

जाताना क्रांती म्हणाली, "ताई, ते व्हिडिओ राहू द्या. सत्काराला मीच फिरवीन." ताईंनी माझे सगळे काम पुसून टाकले. एका शब्दाने कुणी विचारले नाही मला.

सत्काराचे चित्रण मात्र माझ्याकडेच आले. वस्ताद मंचावर बसून ओरडत होते आणि क्रांतीच्या हातात नुसते एक गरगरते चक्र दिसत होते. ते पाहायला बापलेक स्टुडिओत आले तेव्हा ताईंनी विचारले, "वस्ताद, लाठी पुसट आलीया. स्पष्ट करून घेऊ का?"

"नगं," ते म्हणाले. "दिसली तर ती फिरली कुठं?"

मित्रांनो, मला खरा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. वस्ताद इतकी वर्षे पेठेत लाठी फिरवत होते, प्रत्येकाच्या खिशात मोबाईल होता, आणि कुणी कधी तो वर धरला नाही. मग माझ्यासारख्याला एका फोटोवरून अंदाज बांधायला बसवायचे आणि चुकला की शिव्या द्यायच्या. माझ्या पंख्यातली धूळ झाडा, मला बरे वाटेल. पण आधी तुमच्या घरातल्या धडधाकट माणसाकडे जा. त्याचे चालणे, हसणे, काम करणे आजच टिपून घ्या. ते मला बनवायला सांगू नका.