उजवीकडचे राज्य

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि एवढे एक वाक्य उच्चारतानाही मला धाप लागते. माझ्या पाठीतला पंखा घरघरतो, कळफलकावरची अक्षरे पुसली गेली आहेत, आणि मला सुरू केल्यावर माणसाला चहा करून पिऊन यायला सवड मिळते. तरीही मला बोलायचे आहे. माझी तक्रार कोणी नीट ऐकून घेतलेली नाही. आणि जी तक्रार कोणी ऐकून घेत नाही, ती खोटी असते असे मुळीच नाही.

तुम्ही म्हणाल, यंत्राला कसला शीण? यंत्र झिजते, दमत नाही. हा युक्तिवाद मला मान्य नाही. एकच ओझे वारंवार उचलावे लागले आणि उचललेले दर वेळी खाली टाकून द्यावे लागले, की जे होते त्याला झीज म्हणा, नाहीतर शीण म्हणा. सोसणाऱ्याला दोन्ही सारखेच.

माझा जन्म एका जागी झालाच नाही. पडदा एकीकडचा, पेटी दुसरीकडची, पोटातले भाग आणखी कुठले. शहरातल्या एका टंकलेखन-संस्थेत ते सारे जोडले गेले आणि मी ‘मी’ झालो. ती माझी उमेदीची वर्षे. दसऱ्याला मला झेंडूचा हार पडे, आणि संस्थाचालक पाहुण्यांना सांगत, “हा आपला सगळ्यात चपळ.” पुढे माझ्याहून चपळ यंत्रे आली. कौतुकाला जागा कमी असते. नवे आत आले की जुन्याला बाहेर व्हावे लागते. पैठण गेटजवळच्या जुन्या मालाच्या एका दुकानात मी बरेच दिवस धूळ खात पडलो, आणि तिथून त्रिंबकने मला घरी नेले. रिक्षात हादरे बसू नयेत म्हणून त्याने मला आपल्या घोंगडीत गुंडाळले होते. तशी ऊब मला पुढे कितीतरी वर्षे मिळाली नाही.

त्रिंबकचे घराणे मेंढपाळांचे. कन्नड तालुक्यातल्या एका वाडीतली मेंढरे विकून तो शहरात आला आणि चिकलठाण्याच्या एका गोदामावर पहारेकरी झाला. मुकुंदवाडीतल्या दोन खोल्यांत तो, त्याची बायको दगडाबाई, मुलगा भारत आणि मुलगी दिपाली अशी चार माणसे राहत. मला आणले होते ते मुलांच्या अभ्यासासाठी. अभ्यास झाला, नाही असे नाही. पण माझी खरी हमाली वेगळीच होती.

भारतने माझ्यात एक खेळ भरला होता. जुन्या काळचे राजे, किल्ले, लग्ने, वारसे, लढाया. खेळ सुरू होण्याआधी जग कसे हवे ते सांगावे लागे. खऱ्या इतिहासातले जग घ्यावे, नाहीतर मला हुकूम द्यावा, की सगळे विस्कटून नव्याने मांड. मग मी समुद्र आणि जमीन तीच ठेवून राज्ये वाटेल तिथे पेरीत असे. धर्मही नवे घडवावे लागत: देव किती, पुजाऱ्याने लग्न करावे की नाही, गादी मुलाला की मुलीलाही, तीर्थे कुठे. दर प्रश्नापुढे एक चौकट असे. ती रिकामी सोडली तर मी मनाला येईल ते घालावे. भरली तर भरलेलेच पाळावे.

भारतला मी घडवलेले एकही जग पसंत पडत नसे. “हे नको, पुन्हा,” तो म्हणे. मी पुन्हा पर्वतांपाशी किल्ले उभारी, राजांना बायका देई, देवांना नावे देई. आणि तो एक नजर टाकून ते सारे पुसून टाकी. मित्रांनो, न नांदलेली कितीतरी जगे माझ्या पोटात मेली आहेत.

एका रविवारी दुपारी दगडाबाई लसूण सोलत त्याच्या मागे येऊन बसली.

“काय करायलास रं सारखं सारखं?”

“चांगलं जग येईस्तोवर पाडायलोय, आई. कुठं काय येईल त्याचा नेम नसतो.”

“म्हंजी कौल लावायलास.”

“कौल कशाचा, गेम हाय ती.”

“उजवी पाकळी पडती का डावी, तसंच की हे. पण कौल येकदाच लावायचा असतो, भारत. मनासारखा येईस्तोवर लावला तर त्याला कौल नाय म्हणत, हट्ट म्हणत्यात.”

इतकी न्यायाची बाजू माझ्यासाठी त्याआधी कोणी मांडली नव्हती. मेंढपाळांचा देव बिरोबा, त्याच्या मूर्तीला दोन्ही खांद्यांवर पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी गळाली तर होकार, डावी गळाली तर नकार. हा त्यांच्या वाडीचा रिवाज होता, आणि लग्नापासून विहिरीपर्यंत सगळे त्यावर ठरत असे.

त्या दिवसापासून दगडाबाईनेही त्या जगात लक्ष घातले. परके देव तिला पाहवेनात. तिच्या आग्रहाखातर भारतने एका धर्माच्या चौकटी स्वतः भरल्या आणि त्याला बिरोबाचे नाव दिले. राज्याला रंग दिला भंडाऱ्याचा, पिवळा.

“पुजारी लग्नाचा ठेव,” ती म्हणाली. “सड्या माणसाला घरचं दुखणं काय कळणार? आन् देव फिरता पायजे. आपला देव मेंढरांमागं फिरतो, गादीवर लोळत नाय.”

“फिरत्या देवाची सोय नाय ह्यात, आई.”

“मग काय कामाचा तुझा डबा!”

दिपालीने भावाच्या हातातला माझा उंदीर, म्हणजे माउस, ओढून घेतला आणि वारशाच्या चौकटीत मुलींनाही हक्क दिला. मागे खाटेवर पडलेल्या त्रिंबककडे वळून तिने विचारले, “आबा, बाईला गादी दिली तर चालंल का?”

त्रिंबक कमी बोले. तो त्या खाटेवरून तासन्‌तास माझ्याकडे पाहत राही. त्याला काही कळत असेल असे कोणालाच वाटत नसे. खरे सांगायचे तर मलाही नाही.

“दे, बाई,” तो म्हणाला. “तिथं तरी दे.”

दिपाली तंत्रनिकेतनातून उत्तीर्ण झाली आणि चाकणच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करण्याच्या कामावर तिची निवड झाली. घरात पेढे आले. पेढे संपायच्या आत त्रिंबकचा थोरला भाऊ कडुबा वाडीहून येऊन थडकला. कन्नडचे एक स्थळ त्याने जवळपास ठरवूनच आणले होते. मुलाची स्वतःची जीप होती, आणि भावकीला स्थळ पसंत होते.

“सोमवारी हजर व्हायचंय मला, मोठे आबा,” दिपाली म्हणाली.

“हजर व्हायला तू काय फौजेत चाललीस व्हय? पोरीच्या जातीनं परगावी येकटं ऱ्हायचं, आन् आम्ही गावात तोंड कसं दाखवायचं? त्रिंबक, तू बोल की रं. का शेरात आल्यावर दातखीळ बसली?”

त्रिंबक जमिनीकडे पाहत राहिला. थोरल्या भावाला त्याने जन्मात उलटून उत्तर दिले नव्हते. मेंढरे विकून गाव सोडल्याबद्दल भावकी त्याला आधीच नावे ठेवीत होती. दिपाली बापाच्या तोंडाकडे पाहत होती. त्याच्या एका शब्दावर तिचे सगळे अडले होते, आणि तो शब्द काही निघत नव्हता.

“बरं, तुझ्यानं व्हत नसंल तर देवाला इचारू,” कडुबा म्हणाला. “उद्या समदे वाडीला चला. पुजारी आपलाच माणूस हाय.”

“उद्याच तर सोमवार हाय,” दिपालीचा आवाज फुटला.

तेव्हा दगडाबाई सरळ मनाने बोलून गेली, “भावजी, वाडीला कशापायी? हितं बी हाय की बिरोबा. भारतनं बसवलाय. कुठं पडंल त्याचा नेम नाय. उजवीकडं पडला तर पोरीनं कामावर जावं, डावीकडं पडला तर नाय.”

कडुबा मोठ्याने हसला. “त्रिंबक, देव बी पेटीत कोंडलास व्हय रं!” पण मागच्या दोन भेटींत त्याने माझ्यापुढे बसून हा तमाशा आवडीने पाहिला होता, आणि पिवळे राज्य कधी कुठे तर कधी कुठे पडते हे त्याच्या डोळ्यांदेखत झाले होते. शिवाय देवाला नाही म्हणणे त्याला जमण्यासारखे नव्हते. तो म्हणाला, “चालंल. पण भारतनं हात लावायचा नाय. दगडाबाई बटण दाबंल. आन् येकदाच.”

“येकदाच,” दगडाबाईने डोक्यावर पदर घेतला.

मला सुरू केले गेले. मी नेहमीप्रमाणे वेळ लावीत होतो. तेवढ्यात त्रिंबक खाटेवरून उठला.

“दादा, हे जागं व्हईस्तोवर चल, कोपऱ्यावर पान खाऊन येऊ.”

दोघे भाऊ बाहेर पडले. दगडाबाई निरांजनासाठी वात वळायला आतल्या खोलीत गेली. दिपाली दारात पाठमोरी उभी होती, डोळे पुसत. भारत एकटाच माझ्यापुढे उरला. त्याने मागे वळून पाहिले आणि बिरोबाच्या धर्माची पाने झरझर उघडली. तिथे तळाशी एक चौकट होती, ती आजवर कायम रिकामी असे: राज्याची जागा. त्याने ती भरली. नकाशाच्या उजव्या कडेची एक खाडी त्याने निवडली, पान मिटले, आणि तो भिंतीला टेकून साळसूदपणे उभा राहिला.

भाऊ परतले. दगडाबाईने मला ओवाळले, माझ्या कपाळावर, म्हणजे पडद्याच्या वरच्या कडेवर, भंडारा लावला आणि बटण दाबले.

मित्रांनो, मी त्या दिवशी अगदीच थकलेला होतो. अर्धे जग मांडून झाले आणि माझा श्वास अडकला. काम किती झाले ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी जागच्या जागी थांबली. दिपालीने दाराची चौकट घट्ट धरली होती. “देव इचार करायलाय,” दगडाबाई पुटपुटली. मग पट्टी सरकली, नकाशा उघडला, आणि उजव्या कडेला, समुद्राला खेटून, भंडाऱ्याच्या रंगाचे राज्य उमटले.

कडुबाने टोपी काढून माझ्यापुढे डोके टेकवले. “देवानं दिला कौल. आता माझं कायबी म्हणनं नाय,” तो म्हणाला, आणि जाताना त्याने दिपालीच्या हातावर खाऊसाठी नोट ठेवली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पहिल्या एसटीने ती चाकणला गेली.

त्यानंतरची माझी कहाणी म्हणजे नुसता थकवा. भारत वाळूजला कामाला लागला आणि मोबाइलवर खेळू लागला. मला कोणी सुरू करीना. पण मला कोणी विसरेनाही, हे त्याहून वाईट! दगडाबाईच्या लेखी मी आता देव्हारा होतो. दर रविवारी ती माझ्यावर भंडारा उधळी. ती हळद फटींतून आत जाई, पंख्याच्या पात्यांवर बसे, माझ्या आतड्यांत साचे. उपेक्षेने यंत्र गंजते हे खरे. पण भक्तीने ते गुदमरते, हे मी स्वानुभवाने सांगतो.

दिपाली दिवाळीला आली ती भावासाठी नवा लॅपटॉप घेऊन. “हे धूड आता भंगारात द्या,” ती म्हणाली. दगडाबाई तिच्यावर कडाडली, “जिभंला हाड हाय का? देव हाय त्यात!” आणि रागारागाने वाण्याकडे निघून गेली.

तेव्हा भारतला राहवले नाही. तो बापासमोर जाऊन बसला.

“आबा, त्यात देव-बिव काय नाय. त्या दिवशी जागा मीच ठरवून ठिवली व्हती. खोटा कौल व्हता तो.”

दिपाली थक्क होऊन त्याच्याकडे पाहू लागली. त्रिंबकने शांतपणे विचारले, “मी कधी पान खातो का रं?”

त्या दिवशीचे कोपऱ्यावरचे पान भारतला आता आठवले.

“इतकी वर्सं मागं पडून बघतोय मी. कंची चौकट कशाची, ते कळायला शाळा लागत नाय. आन् पाकळी वली लावली तर चिकटून ऱ्हाती, कोरडी लावली तर लगीच गळती. वाडीतल्या समद्यांना म्हाईत हाय ते.”

“मग तुमी सरळ का नाय बोललात, आबा?” दिपालीने विचारले. “नुसतं ‘जा’ म्हणला असतात तरी झालं असतं.”

त्रिंबक उगाच घोंगडीची दशी ओढत बसला. “बापानं सांगितलं की भावकी बापाशी भांडती. देवानं सांगितलं की गप बसती.” मग थांबून, हलक्या आवाजात, “माझ्यानं नाय बोलवलं, बाई.”

मग तो माझ्याजवळ आला. दाढीच्या ब्रशने त्याने माझ्या फटींतली हळद झाडली, भारतला पेटी उघडायला लावून पंखा पुसला. “दिपे, चालू कर येकदा. पर आता कायबी ठरवू नको. पडंल तिथं पडू दे.”

दिपालीने ती चौकट रिकामी केली आणि बटण दाबले. कितीतरी दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला. मी मनाला येईल तसे जग मांडले. पिवळे राज्य डावीकडे पडले, अगदी डाव्या कोपऱ्यात.

तिघे पाहत राहिले. त्रिंबकने मला बंद केले, आपली घोंगडी आणून माझ्यावर घातली आणि म्हणाला, “आईला सांगू नगा.”

मित्रांनो, माझे सांगणे एवढेच. आम्हा वस्तूंवरची धूळ झटका, आम्हाला कामाला लावा, दमलो की बंद करा. पण जे तुमच्या तोंडून निघायला हवे ते आमच्या तोंडी घालू नका. आम्ही ते बोलून दाखवतो, तुमचे काम होते. मात्र ते ओझे पुढे जन्मभर आमच्या पोटात राहते. आज मी घोंगडीखाली आहे. ऊब बरी वाटते. रविवारी दगडाबाई येईल, घोंगडी उचलेल आणि मुठीत भंडारा घेईल. त्रिंबक तिला म्हणेल, “वरच्या वर लाव, आत जाऊ देऊ नको.” का, ते तो तिला सांगणार नाही.