डाव्या बाजूची कणीक

“गुडघं माझं दुखत्यात आन् कुरकुर तू करतोस व्हय रे?” माझ्या चामड्याच्या वाद्या ताणताना त्रिंबक आजोबा माझ्या कानाशी पुटपुटतात. मृदंगाला कान नसतात, हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. मित्रांनो, मी पाली गावच्या मारुतीच्या देवळातला जुना मृदंग आहे आणि मला सगळं ऐकू येतं.

शिसवाच्या खोडातून मला कोरलं. दोन्ही तोंडांवर चामडं ताणून त्याच वाद्यांच्या पट्ट्यांनी बांधलं. उजवीकडे काळी शाई कायमची बसवली, डावी बाजू मात्र मोकळी ठेवली. तिच्यावर दर वेळी गव्हाची ओली कणीक थापावी लागते, तेव्हा कुठे माझा आवाज खोल घुमतो. भजन संपलं की ती खरवडून काढायची. म्हणजे गायला बसण्याआधी मी रोज जेवतो म्हणा ना!

तरुणपणी माझा मोठा मान होता. सप्ताह असला की पार लिंबागणेशहून बोलावणं यायचं. लोक म्हणायचे, “पालीचा मृदंग म्हंजी ढग गरजतोय.” मग स्पीकर आले, पेनड्राइव्ह आले आणि मी खुंटीवर गेलो. उंदरांनी माझी एक वादी खाल्ली. पण त्या वर्षांत माझी विचारपूस तेवढी त्यांनीच केली.

आता दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. जे पुण्याला गेलेत, ते तर दसऱ्यालाही दिसत नाहीत. मागे राहतात कुलपं, म्हातारी माणसं आणि मी. अशाच एका सुन्या संध्याकाळी केसरबाईंनी मला खाली काढायला लावलं. तेव्हापासून दिवेलागणीला सात-आठ जण जमतात. केसरबाई चाल धरतात, सुंदरराव टाळ वाजवतात, त्रिंबक आजोबा मला मांडीवर घेतात. दिवसभर औषधांच्या गोळ्यांशिवाय कशाचं नाव न घेणारी माणसं मान डोलावून गातात. मधेच कोणाचा सूर घसरला तर लहान पोरांसारखी खिदळतात. रोज कशाला येता, असं कोणी विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच, “देवाचं नाव घ्यायला.”

कणीक पाळीपाळीनं एकेका घरातून येते. परवा केसरबाईंची पाळी होती. त्रिंबक आजोबांनी गोळा माझ्यावर थापला. पहिलं भजन रंगात आलं आणि गोळ्याचा भुगा होऊन त्यांच्या धोतरावर पडला.

“आक्का, ही जवारी हाय!” आजोबा ओरडले. “जवारी चिकटती व्हय? भाकरी थापाया बसलोय का मी?”

“चटनी बी आनली का बघ की, त्रिंबक,” सुंदरराव म्हणाले. सगळे हसले.

केसरबाई हसल्या नाहीत. “गहू न्हाईत घरात. एकटीसाठी पोळ्या कोन लाटतं? रामेश्वर आला की आनीन.”

रामेश्वर त्यांचा मुलगा, पुण्यात असतो.

“येईल की पाडव्याला,” सुंदरराव सतरंजीकडे बघत म्हणाले. गेल्या पाडव्याआधीही ते हेच म्हणाले होते.

केसरबाईंनी पदर सावरला आणि त्या उठल्या. “मी न्हाई आले तरी व्हईल तुमचं भजन. देव काय हजेरी घ्यायला बसलाय का?”

मित्रांनो, वाद्यांना ओलीपासून जपा, उंदरांपासून जपा, असं मी तुम्हाला सांगणारच होतो. पण चाल धरणारी बाईच पायरी उतरून गेली तर माझ्या घुमण्याचं करायचं काय? आधी गाणाऱ्याला जपा. त्याच्या घरात पीठ कसलं आहे, ते बघा. माझं नंतर बघा.

केसरबाई दारापर्यंत पोचल्या होत्या. त्रिंबक आजोबांनी मला मांडीवरून बाजूला ठेवलं.

“आक्का, बसा खाली,” ते म्हणाले. “देवाचं नाव तोंडी लावायला हाय. घरात बोलाया कुनी न्हाई, म्हनून येतो आपन समदे.”