कॉलीनच्या एका मिनिटातल्या मेंढ्या

मित्रांनो, टेबलावरच्या चकचकीत टॅबलेटकडे नंतर बघा. त्याच्या शेजारी काचेला तडा गेलेले जे जुने स्टॉपवॉच दिसते, ते मी.

माझी पहिली वीस वर्षे शाळेच्या मैदानावर गेली. पोरे धापा टाकत यायची आणि आधी माझ्याकडे बघायची. पुढे नवी घड्याळे आली आणि माझी रवानगी खोक्यात झाली. तिथून नर्स नोरीनबाईंनी मला ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडच्या उत्तरेला, मेंढ्यांच्या मुलखातल्या आपल्या दवाखान्यात आणले. तिथे पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांची स्मरणशक्ती तपासत. दहा शब्द ऐकवून थोड्या वेळाने परत विचारायचे, आकडे उलटे म्हणायला लावायचे, एका मिनिटात प्राण्यांची नावे घ्यायला सांगायची. ते मिनिट माझे.

एका सकाळी कॉलीन आली. वय एक्कावन्न, काम लोकरीची प्रतवारी. नुसता हात लावून ती लोकरीचा दर्जा सांगे. पण हल्ली लोकर हातात धरून ती नुसती उभी राही. तिच्या आईला शेवटी मुलांची नावेही आठवत नव्हती. आज निकाल वाईट आला तर काम सोडायचे, असे कॉलीनने ठरवले होते.

दहापैकी आठ शब्द तिला आठवले. उलट्या आकड्यांच्या वेळी अंगातून वाफा निघाल्या आणि ती अडखळली. मग प्राणी. नोरीनबाईंनी माझी कळ दाबली.

"कुत्रा, घोडा, गाय, मेरिनो, कॉरिडेल, पोलवर्थ, सफोक..." गाडी सुसाट सुटली.

मिनिट संपले. नावे कागदावर टिपून घेणाऱ्या, शहरातून नुकत्याच आलेल्या डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "चारच प्राणी झाले. मेरिनो म्हणजे मेंढी, एवढं कळलं. पुढचे शब्द मला लागलेच नाहीत."

कॉलीनचा चेहरा उतरला. "म्हणजे आईसारखंच."

"गप गं," नोरीनबाई म्हणाल्या. "डॉक्टर, मटण खाता ना? मग ज्यांचं खाता त्यांची नावं तरी शिका. त्या सगळ्या मेंढ्यांच्या जाती आहेत. आणि जाती वेगवेगळ्या मोजायच्या, असं नियमातच आहे. कागद उलटा करा, मागे छापलंय."

डॉक्टरबाईंनी कागद उलटून वाचला, एकेक नाव पुन्हा मोजले आणि त्या लाजून हसल्या. "तेवीस. मला इतके जमले नसते. आठवण चांगली आहे तुमची. वाफा येतात, झोप मोडते, तेव्हा लक्ष उडतं. रजोनिवृत्तीत पुष्कळ जणींना होतं. त्यावर उपाय करू, सहा महिन्यांनी परत मोजू."

"काम सोडू का?"

"का म्हणून?"

माझ्या आयुष्यात शर्यती खूप झाल्या, पण इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

लोकर कातरणीचा पूर्ण हंगाम करून कॉलीन परत आली. उलटे आकडे तिने न अडखळता म्हटले. मग म्हणाली, "आज एकही मेंढी घेणार नाही, डॉक्टर. तुम्हाला त्रास नको." आणि कांगारूपासून सुरुवात करून तिने सव्वीस प्राणी मोजून दिले.

मित्रांनो, तुमची आई कधी बोलता बोलता शब्द विसरली, तर तिला हसू नका. तिला तपासायला घेऊन जा, आणि तिचे मिनिट पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.