राणीचा काष्टा

"मास्तर, श्वास आत घ्या," म्हणत सारजानं काष्टा असा खसकन ओढला, की वसंतमास्तरांच्या तोंडून "आई गं!" निघालं.

पणदऱ्याच्या जत्रेत रात्र तमाशाच्या फडाला दिलेली असायची, म्हणून गावकऱ्यांचं नाटक उन्हं कलली की सुरू व्हायचं. सहा वर्षं शाळेचे वसंतमास्तर राणी होत आणि सारजा त्यांना स्वतःचं लग्नातलं हिरवं लुगडं नेसवी. नाटक दरवर्षी तेच. राजा संशयावरून राणीला वनात धाडतो, शेवटी त्याला चूक कळते, आणि राणीच त्याच्या पायांवर डोकं ठेवते. बायका डोळ्यांना पदर लावायच्या. सारजाच्या मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा. चूक त्याची अन् डोकं हिचं, हा कुठला न्याय?

यंदा ते दुखणं घरातच आलं होतं. बाजारातून परक्याच्या बैलगाडीत बसून आली, एवढ्यावरून सारजाच्या नवऱ्यानं, लोणीच्या रावजीनं, नऊ वर्षांपूर्वी तिला माहेरी हाकललं होतं. आता त्याची आई थकली, चुलीपाशी माणूस हवं झालं, तेव्हा त्याला बायको आठवली. तो जत्रेला आला होता. भिमानं, सारजाच्या भावानं, तिला बजावलं होतं, "नाटक सुटलं की देवळापुढं त्येच्या पाया पड, अन् गुमान जा." नाही म्हणायचं धाडस सारजाला झालं नव्हतं.

"सारजाबाई, फार आवळलंत हो."

"शेवटाला वाकू नगा, मास्तर. वाकला की काष्टा सुटला म्हणून समजा."

"अहो, पण पाया पडायचंय ना!"

"औंदा राणी न्हाय पडत," सारजा म्हणाली आणि त्यांना कुंकू लावू लागली.

शेवटचा प्रवेश आला. राजा झालेला सोपान पैलवान पाय पुढं करून थांबला. राणी ताठच्या ताठ.

"वाका की, मास्तर!" तो कुजबुजला. पण आखाड्यातला आवाज तो, पार मागच्या रांगेपर्यंत गेला.

मास्तरांना दरदरून घाम फुटला. काष्टा सांभाळावा की नाटक? अखेर त्यांनी मान वर केली. "महाराज, चुकलात आपण. मग मी का वाकू?"

तोच बायकांतून म्हाताऱ्या द्वारकाबाईंचा आवाज आला, "खरं हाय! तूच वाक रं, सोपाना!" बायकांनी एवढा हशा आणि टाळ्यांचा गजर केला, की बिचारा सोपान खरोखरच वाकला. पडद्याआड सारजाला आनंदानं रडू फुटलं.

देवळापुढं रावजी नव्या वहाणा घालून उभा होता. भिमानं तिला डोळ्यांनी खुणावलं. सारजा समोर आली, पदर सारखा केला आणि तशीच उभी राहिली.

"राणीचं लुगडं वळखलं म्यां," रावजी खाली बघत म्हणाला. "चल आता घरी."

"न्हाय जमायचं," सारजा म्हणाली. "म्होरल्या जत्रंला राणीला कोण नेसवंल?"

मागून मास्तरांची काकुळतीची हाक आली. त्यांना अजून बसताही येत नव्हतं. सारजा हसत वळली आणि त्यांचा काष्टा सैल करायला गेली.