दर्यालक्ष्मीच्या पट्टीमागे

मी एक जुना सेन्सर आहे. काडेपेटीहून जरा मोठा, काळा, गाडीच्या पुढच्या काचेला आतून चिकटलेला. आरशामागे बसत असल्यामुळे मी सहसा कोणाला दिसत नाही. मित्रांनो, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण ज्याच्यावर घरातल्या माणसांचा जीव विसंबून असतो, त्याच्याकडे अधूनमधून बघायला हवं. का, ते सांगतो.

माझी कामं दोन. मी काचेत डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडतो. काच कोरडी असली की तो पुरता परत येतो. थेंब पडले की कमी येतो आणि मी वायपरला हलायला सांगतो. दुसरं काम उजेड मोजण्याचं. अंधारून आलं की मी पुढचे दिवे लावतो. कारखान्यात माझी कसून परीक्षा झाली. काचेवर तुषार मारले, पाणी ओतलं, काळ्या फडक्याने झाकलं, उघडलं. मी एकदाही चुकलो नाही. थोडा गर्वही झाला, कबूल करतो.

सातपाटीच्या पुंडलिक नाखवांनी ही गाडी घेतली ती मुलीसाठी. दिशा तारापूरला एका कंपनीत नोकरीला जाते. सुरुवातीला नाखवा शेजाऱ्यांना बोलावून काचेवर पाणी शिंपडायचे आणि वायपर हलला की म्हणायचे, "बघा, माझे गाडीला पाऊस समजतो." चार पावसाळे दिशाने वायपरच्या दांडीला हात लावला नाही. तिचा तो विश्वास मला फार आवडायचा. आता आठवला की धडकी भरते.

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेआधी नाखवांची होडी, दर्यालक्ष्मी, नव्याने रंगली. तिच्या नावाची एक पट्टी त्यांनी गाडीसाठीही करून आणली, लाल जमिनीवर पिवळी अक्षरं. काचेच्या वरच्या भागात बाहेरून स्वतःच्या हाताने चिकटवली आणि हळदकुंकू वाहिलं. "पोरीचे डोक्यावर आता दर्यालक्ष्मी हाय," ते समाधानाने म्हणाले. पट्टी बरोबर माझ्यासमोर आली होती. तेव्हापासून मला सगळा अंधारच दिसू लागला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गाडीचे दिवे जळत होते. समोरून येणारे हात हलवून सांगत होते. बापलेक बोईसरला सुजीत मेकॅनिककडे गेले. सुजीतने बाटलीने काचेवर थोडं थोडं पाणी उडवलं. थेंब पट्टीवर पडून खाली ओघळले, मला काही कळलं नाही. वायपर जागचा हलला नाही.

"काका, सेन्सर चांगला आहे. पट्टी आड येते," सुजीत म्हणाला. त्याने डब्यातून ब्लेड काढलं. "इथे दोन बोटांएवढी कापतो."

नाखवांनी त्याचं मनगट धरलं. "होडीचं नाव कापायचं नाय. सणाचे तोंडावर तर नायच नाय."

"पप्पा, मग सगळीच काढू या ना," दिशा म्हणाली.

"लावलेलं नाव काढत नाय. वायपर हातानं चालव. आमी वल्ही हातानंच मारली."

"काका, तिला चार वर्षांची सवय आहे. एका दिवसात जायची नाही."

नाखवा हसले. सुजीतने ब्लेड डब्यात ठेवलं. मला ओरडता आलं असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबलेला होता. होडीच्या इंजिनाचा एक भाग आणायचा म्हणून नाखवाही दिशाबरोबर निघाले. उमरोळीजवळ समोरून टँकर आला आणि खड्ड्यातलं गढूळ पाणी उडवून गेला. सगळी काच माखली. दिशाने ना दांडी ओढली, ना ब्रेक दाबला. ती माझी वाट बघत होती. अशा वेळी चार वर्षं मी धावून आलो होतो. आज मी पट्टीमागे ठार कोरडा होतो.

"दांडी ओढ, दिशा, दांडी," नाखवा म्हणाले.

तिचा हात चाचपडला. वायपर एकदा फिरला आणि समोर गावातलीच, मासे विकणारी प्रेमलाकाकी दिसली. डोक्यावर सुक्या बोंबलांची पाटी घेऊन ती रस्त्याच्या कडेने चालली होती. ब्रेक लागला, पण उशिरा.

प्रेमलाकाकी वाचली. दीड महिन्याने घरी आली तेव्हा तिचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. नाखवा तिच्या दारात मान खाली घालून उभे राहिले. गाडीतून मला तिचं बोलणं ऐकू आलं. "नाखवा, पोरीला बोलू नका. तिला काय दिसलंच नाय."

नाखवा सरळ गाडीकडे आले आणि नखांनी पट्टी खरवडायला लागले. नखांतून रक्त आलं तरी थांबले नाहीत.

आता मला पुन्हा सगळं दिसतं. पण दिशाने माझं काम बंद करून ठेवलं आहे, आणि मी तिला दोष देत नाही. मी नुसता समोरून येणाऱ्या काचा बघत बसतो. कुठे देवाचं नाव, कुठे गावाचं, कुठे आडनाव. कित्येकांचे दिवे भर उन्हात चालू असतात आणि आत माणसं निवांत गप्पा मारत असतात.

मित्रांनो, तुमच्या गाडीत माझ्यासारखा कोणी असेल तर आज घरी गेल्यावर मोठ्यांना गाडी जागेवरच सुरू करून वायपर ऑटोवर ठेवायला सांगा. हात वायपरच्या दांडीपासून दूर ठेवा आणि आरशासमोरच्या काचेवर बाहेरून थोडं पाणी उडवा. वायपर हलला तर छान. नाही हलला, तर किल्ली लपवून ठेवा. ओरडा खावा लागला तरी चालेल.