बिनऔषधाचा वाफा

माईंचा हात सढळ. आमटीला फोडणी देताना, पाहुण्याला वाढताना, वेलींना पाणी पाजताना, कुठेच त्यांना हात आखडता घेणं जमायचं नाही. मोजूनमापून देणं म्हणजे कंजूषपणा, हे त्यांचं ठाम मत. आणि नशिबाने सून मिळाली ती थेंब मोजणारी. सूनबाई शेतकी कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होती. काचेच्या नळीत थेंब जास्त पडला, तर सगळं ओतून देऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात चहाची साखर चमच्यावर सपाट करून घालताना माईंनी तिला पाहिलं आणि कपाळाला हात लावला होता.

यंदा मात्र माईंना तिच्याचकडे तोंड उघडावं लागलं. समुद्र तसा लांब, पण विहिरीत खार शिरला होता. खरबुजाच्या वेली उगवायच्या, थोड्या पसरायच्या, मग पानांच्या कडा करपायच्या आणि फुलं गळून जायची. सलग दोन हंगाम एक फळ हाती लागलं नव्हतं. बाजारात दुसरं बी हवं तेवढं मिळत होतं. पण माईंचं बी त्यांच्या आईकडून आलेलं, पातळ सालीच्या फळाचं. ते फळ कापलं की वास शेजारच्या घरात जायचा आणि पाठोपाठ शेजारीण यायची. हे बी आणखी कुणाकडे नव्हतं. डब्याच्या तळाशी होतं तेवढंच, तेही जुनं. यंदा फळ धरलं नाही तर ते खरबूज कायमचं गेलं, एवढा साधा हिशेब होता.

सूनबाईने सगळं ऐकून घेतलं, विहिरीचं पाणी तपासलं आणि मग उपाय सांगितला. पाण्यातलं मीठ काढणं आपल्या आवाक्यातलं नाही, पण वेलीला ते सोसायला मदत करता येईल. संकट आलं की सावध हो म्हणून सांगणारं एक द्रव्य झाडाच्या अंगातच असतं. तेच बाहेरून द्यायचं. आधी बी त्यात भिजवायचं, मग वेल वाढीला लागली की पानांवर फवारायचं. किती? तर बादलीभर पाण्याला चिमूटभर पूड.

माईंना हसू आवरेना. एवढ्याशाने मुंगीचं तरी पोट भरणार का, म्हणाल्या.

"पोट भरायचंच नाहीये, आई. वेलीला नुसता इशारा द्यायचाय," सूनबाई म्हणाली. "जास्त झालं तर पानं जळतील."

इथवर ठीक होतं. खरी जुंपली ती पुढच्या गोष्टीवरून. सूनबाईला दोन वाफे हवे होते. बी तेच, माती तीच, पाणी तेच. एका वाफ्याला औषध, दुसऱ्याला नाही.

"एकाला घास भरवायचा आणि दुसऱ्याला बघत बसवायचं?" माई म्हणाल्या. "मला नाही जमायचं."

"दोन्हींना दिलं आणि फळं आली, तर ती औषधाने आली की यंदा पाणी जरा बरं होतं म्हणून आली, हे कसं कळणार? पुढच्या वर्षी खार वाढला, तर कशाच्या भरवशावर बी टाकायचं?"

माईंनी चहा निवतोय असं सांगून विषय संपवला, पण वाफे दोनच झाले.

वेली उगवल्या आणि काही दिवसांतच फरक दिसायला लागला. औषधाच्या वाफ्यातली पानं गडद, जाड, कडांपर्यंत हिरवी. सूनबाई कामावरून आली की पर्स ओट्यावर टाकून थेट शेतात. गुडघे मातीत टेकून पान न् पान उलटून बघायची. माई दारातून तिच्याकडे पाहत राहायच्या. आपण जन्मभर वेली वाढवल्या, पण पानाची पाठ इतक्या निगुतीने कधी बघितली नाही, असं त्यांना वाटे. शेजारणीला त्यांनी तसं सांगूनही टाकलं. सुनेला सांगितलं नाही. सासूपणाचीही काही अब्रू असते.

दुसऱ्या वाफ्याकडे मात्र बघवत नव्हतं. पानांच्या कडा तपकिरी होत चालल्या होत्या. त्याही आईच्याच बियांच्या वेली होत्या. पाणी घालताना माई मान वळवून घ्यायच्या. अखेर एका सकाळी सूनबाई कामावर गेली आणि माईंचा धीर सुटला. त्यांनी फवारणीचा पंप काढला. पुडीची चिमूट घेतली, पण ती फारच केविलवाणी वाटली. शिवाय हा वाफा मागे पडलेला, त्याला गाठायचं होतं. त्यांनी शिगोशीग दोन चमचे घातले आणि पंप रिकामा होईतो फवारलं.

तीन-चार दिवसांत वाफा बसला. पानांवर जळके डाग पडले, शेंडे वाळले. सूनबाई आली, त्या वाफ्यापाशी बसली, एक पान तोडून उलटसुलट करून पाहिलं आणि हात धुवायला गेली. तिला उमगलं नसावं, अशी माईंनी स्वतःची समजूत घातली.

फळं पिकायला आली तेव्हा प्रयोगशाळेचे मोठे सर बघायला आले. सुरुवातीला चिमूटभर पुडीचा हा उपाय ऐकून याच सरांनी नाक मुरडलं होतं. आता एकीकडे जाळीदार सालीची घमघमणारी खरबुजं आणि दुसरीकडे नुसता पाचोळा, हे बघून ते हरखले. असा फरक आपण कुठे पाहिला नाही, म्हणाले. आजूबाजूच्या सगळ्या बागायतदारांना याच हंगामात सांगू, म्हणाले. माईंना हायसं वाटलं. आपला गुन्हाच सुनेच्या कामी आला होता.

"सर, हा वाफा धरू नका," सूनबाई म्हणाली. "तो खाराने गेलेला नाही. त्याच्यावर औषध जास्त पडलंय."

सरांचा चेहरा उतरला. कुणी केलं हे, त्यांनी विचारलं.

"घरातच झालं. जबाबदारी माझी."

माईंना राहवलं नाही. "तिची कसली? चमच्याने घातलं ते मी."

सर मग फार थांबले नाहीत. ते गेल्यावर माई बांधावर बसल्या. हातात आलेलं यश या पोरीने आपल्या तोंडाने घालवलं होतं, आणि आवाज जरासुद्धा हलला नव्हता. आपल्याच्याने हे झालं नसतं, हे माईंना स्वच्छ कळत होतं.

"गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या शब्दावर लोकांनी बी टाकलं असतं, आई. आणि फळं औषधानेच आली का, हे मला स्वतःलाच माहीत नाही."

पुढच्या हंगामाआधी माईंनी बिया ताटात काढल्या. फळं मोजकीच होती, त्यामुळे बियाही थोड्याच. त्यांनी दोन वाट्या मांडल्या, एक औषधाच्या पाण्याची, एक साध्या पाण्याची, आणि ताटातल्या बिया निम्म्या-निम्म्या केल्या. साध्या वाफ्याला थोड्या कमी चालतील, काही मागे ठेवा, असं सूनबाई म्हणाली. तिला सासूची दया आली होती.

"कमी कशाला? सारख्याच हव्यात ना तुला?" माई म्हणाल्या. "पण ती पूड तेवढी कामावर जाताना बरोबर नेत जा. माझा मला भरवसा नाही."

"पूड इथेच राहील," सूनबाई म्हणाली आणि डबी त्यांच्या हातात दिली. "मला आहे."

माईंनी डबी कमरेला खोचली. भिजून फुगल्यावर साध्या पाण्यातल्या बिया उचलल्या आणि आधी त्या पेरल्या.